‘जि. प.’ नंतरचे एक टिंब

‘भाऊ, फॉरमॅट मारावं लागेल,’ म्हणजे अख्खी डिस्क पुसावी लागेल, हे एकच उत्तर जळगावच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात चार दिवसांनी मला मिळाले. त्या हार्ड डिस्कवर माझ्या अमळनेरच्या डीटीपीच्या दुकानातले बारा वर्षांचे काम होते: लग्नपत्रिका, शाळांचे अहवाल, यात्रेची पत्रके, ग्रामपंचायतींचे नमुने. त्यातून मला फक्त एक फोल्डर काढून टाकायचे होते. पुढे ते माझ्याच दुकानात बसून एका ओळीच्या आज्ञेने निघाले, म्हणून त्या चार दिवसांचा राग अजून गेलेला नाही आणि म्हणूनच हे सविस्तर लिहीत आहे.

त्या फोल्डरचे नाव होते ‘शिष्यवृत्ती यादी जि. प.’. तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील शिक्षिका विद्यार्थ्यांची यादी टाइप करून घेण्यासाठी आल्या होत्या. यादीत मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक आणि पालकांचे बँक खाते क्रमांक होते. जाताना त्या म्हणाल्या, ‘भाऊ, काम झालं की हे तुमच्या मशीनमधून काढून टाका बरं, लेकरांची माहिती आहे.’ मी हो म्हणालो आणि कामाच्या गर्दीत विसरलो. ही चूक माझी होती. त्या वेळी दुकानातला कॉम्प्युटर जुना होता आणि तो हळू चालतो म्हणून भाच्याने त्यावर विंडोजऐवजी उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम बसवून दिली होती. डिस्कचा कामाचा भाग मात्र विंडोजच्या पद्धतीचा, म्हणजे एनटीएफएस, तसाच ठेवला होता. गेल्या उन्हाळ्यात त्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड जळाला, तेव्हा मी विंडोजचे नवे मशीन घेतले, जुनी डिस्क केसिंगमध्ये घालून यूएसबीने जोडली आणि सगळे काम नव्या डिस्कवर उतरवू लागलो.

कॉपी निम्म्यावर येऊन थांबली आणि पडद्यावर इंग्रजीत सूचना आली की ही वस्तू सापडत नाही, ती आता या ठिकाणी नाही, जागा तपासून पुन्हा प्रयत्न करा. ज्या फोल्डरविषयी ही सूचना होती, ते माझ्या डोळ्यांसमोर, त्याच खिडकीत, पिवळ्या रंगात दिसत होते. ते उघडत नव्हते, त्याचे नाव बदलत नव्हते, ते दुसरीकडे हलत नव्हते, आणि डिलीट केले की पुन्हा तीच सूचना येत होती. मला त्या शिक्षिकेला दिलेला शब्द त्या क्षणी आठवला, आणि तेव्हापासून हे काम नुसत्या कॉपीचे राहिले नाही.

पहिले दोन दिवस मी लोक सांगतात ते सर्व केले. मशीन बंद करून चालू केले. शिफ्ट दाबून रीस्टार्ट करून सेफ मोडमध्ये गेलो. ‘अडकलेली फाइल सोडवून देतो’ म्हणणारी एक फुकट प्रणाली उतरवली, तर तिने आपल्यासोबत जाहिरातींची आणखी एक प्रणाली आणून बसवली आणि ती काढण्यात एक दुपार गेली. ही चूक कोणी करू नये. मालकी बदलणारी ‘टेकओन’ ही आज्ञा चालवली, तर तिनेही फाइल सापडत नसल्याचेच सांगितले. शेजारचे चहावाले बाबा दर तासाला कप ठेवताना विचारत, ‘व्हयनं का भाऊ?’ म्हणजे झालं का, आणि मला मान हलवावी लागे.

तिसऱ्या दिवशी डिस्क घेऊन जळगाव गाठले. काउंटरवरच्या मुलाने केबल जोडली, एकदा डिलीट दाबून पाहिले, आणि ‘डिस्क करप्ट आहे, ठेवून जा, उद्या सांगतो’ म्हणून ती बाजूला ठेवली. ती जिथे ठेवली ती जागा अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे: गिऱ्हाइकांच्या हाताला येईल असा उघडा ट्रे, त्यात दहा-बारा डिस्क आणि पेन ड्राइव्ह, कशावरही चिठ्ठी नाही. मी माझ्या डिस्कवर नाव लिहिलेला कागद चिकटवायला सांगितला, तेव्हा ‘ध्यानात आहे’ असे उत्तर मिळाले. दुसऱ्या दिवशी फोन केला, तर काम चालू होते. तिसऱ्या दिवशी साहेब बाहेर गेले होते. चौथ्या दिवशी मी पुन्हा गाडीने गेलो आणि दुपारी अडीच तास बाकावर बसलो. डिस्क त्याच ट्रेमध्ये होती, कागद पडून गेलेला होता, आणि उत्तर तेच होते: फॉरमॅट. नेमका दोष कोणता, हे मी विचारले, तेव्हा ‘व्हायरस असेल’ असे सांगून तपासणीचे तीनशे रुपये मागण्यात आले. पैसे देऊन डिस्क उचलली. मला पैशांचे फार वाटले नाही. ज्या यादीतील मुलांची माहिती माझ्याकडे राहू नये म्हणून मी धडपडत होतो, ती यादी चार दिवस एका परक्या काउंटरवर उघडी पडून राहिली होती, आणि हे मीच घडू दिले होते, याचे मला वाईट वाटले. डिस्क दुरुस्तीला देताना ती आपल्यासमोर तपासली जाणार नसेल, तर देऊ नये, असे माझे आता ठाम मत आहे.

परतीच्या गाडीत धरणगाव गेले तरी मी त्या सूचनेचाच विचार करीत होतो. फाइल दुसऱ्या प्रणालीत उघडी असेल तर विंडोज तसे स्पष्ट सांगते. परवानगी नसेल तर परवानगी मागते. इथे ते वारंवार ‘सापडत नाही’ म्हणत होते. म्हणजे कोणी फोल्डर धरून ठेवलेले नव्हते आणि कुलूपही नव्हते. विंडोज ज्या नावाने शोधत होते, ते नाव आणि डिस्कवरचे नाव एक नसावे.

रात्री दुकान उघडून मी त्याच ठिकाणी एक नवे रिकामे फोल्डर तयार केले आणि त्याला तेच नाव दिले, ‘शिष्यवृत्ती यादी जि. प.’, शेवटच्या टिंबासह. एंटर दाबताच टिंब नाहीसे झाले आणि ‘जि. प’ एवढेच उरले. मग मी जुन्या, टिंबवाल्या फोल्डरवर दोनदा क्लिक केले, तर ते उघडले, पण आत काहीच नव्हते. मी नवे फोल्डर पाहत होतो. विंडोजला मी जुने उघडायला सांगत होतो आणि ते शेवटचे टिंब गाळून नवे उघडत होते.

भाच्याला फोन लावला, तेव्हा त्याने कारण सांगितले. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळापासून फाइलचे नाव आणि त्याचा प्रकार यांच्यामध्ये टिंब येते, म्हणून नावाच्या शेवटी आलेले टिंब किंवा मोकळी जागा विंडोज निरर्थक मानून काढून टाकते. एनटीएफएसला स्वतःला अशा नावाची काही अडचण नसते आणि उबुंटूलाही नसते. त्यामुळे उबुंटूवर मी सहज टाइप केलेले ‘जि. प.’ डिस्कवर टिंबासह लिहिले गेले, आणि विंडोज आयुष्यभर टिंबाशिवाय त्याला शोधत राहिले असते. आपल्या मराठीत तर ता., जि., कै., सौ., रु. असे शब्द पावलोपावली येतात. ते नावाच्या मधे आले तर काही बिघडत नाही, फक्त शेवटी आले की हा प्रसंग उभा राहतो. यात एक धोकाही आहे. टिंब असलेले आणि नसलेले अशी दोन जुळी नावे शेजारी असतील, तर टिंबवाले पुसायला जाताना दुसरेच पुसले जाऊ शकते. म्हणून मी ते चाचणीचे फोल्डर आधी काढून टाकले.

उपाय असा. मार्गाच्या, म्हणजे फोल्डरच्या डिस्कवरील पूर्ण पत्त्याच्या, आधी \\?\ ही चार चिन्हे लावली, की विंडोज नावात स्वतःची दुरुस्ती न करता ते जसेच्या तसे डिस्ककडे पाठवते. आज्ञा टाइप करायच्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत माझ्याकडे देवनागरीचे चौकोन दिसत होते, तिथे मराठी नाव लिहिणे जिकिरीचे होते, म्हणून मी वळसा घेतला. ते फोल्डर ज्या मोठ्या फोल्डरमध्ये होते, त्यातील बाकीचे सर्व काम आधी दुसरीकडे हलवले, दोनदा खात्री केली, आणि मोठ्या फोल्डरला इंग्रजी एक्स हे एका अक्षराचे नाव दिले. मग इंग्रजीत ‘आर डी’, जागा, तिरपी रेघ आणि एस, जागा, दुहेरी अवतरणचिन्ह, ती चार चिन्हे, डिस्कचे अक्षर, अपूर्णविराम, उलटी तिरपी रेघ, एक्स, आणि शेवटी अवतरणचिन्ह बंद, असे लिहिले. खात्री आहे का, असा प्रश्न आला. वाय दाबून एंटर केले. काही घडल्यासारखे दिसले नाही, फक्त पुढची ओळ आली. पण एक्स गेले होते आणि त्याच्या पोटातले टिंबही गेले होते. अशा प्रकारे पुसलेले रीसायकल बिनमध्ये जात नाही, म्हणून आतले चांगले काम आधी बाहेर काढणे सोडू नये.

उबुंटूचा पेन ड्राइव्ह हाताशी असेल तर मशीन त्यावरून सुरू करून असे फोल्डर साध्या डिलीटनेही जाते, हे भाच्याने नंतर सांगितले. मात्र डिस्क मशीनच्या आतली असेल, तर विंडोज आधी शिफ्ट धरून पूर्ण बंद करावे, नाहीतर उबुंटू तिच्यात लिहू देत नाही. आणि ज्यांची सूचना ‘दुसऱ्या प्रणालीत उघडी आहे’ अशी असेल, त्यांनी यातले काहीच करू नये. रिसोर्स मॉनिटर उघडून सीपीयूच्या पानावर असोसिएटेड हँडल्सच्या शोधात फाइलचे नाव टाकले, की ती कोणी धरली आहे ते दिसते. ती प्रणाली बंद केली की काम झाले.

नाव गेले तरी मजकूर डिस्कवर काही काळ राहतो, त्यामुळे मी तेवढ्यावर थांबलो नाही. ‘सायफर’ ही आज्ञा तिरपी रेघ, डब्ल्यू, अपूर्णविराम, डिस्कचे अक्षर आणि पुन्हा अपूर्णविराम लावून चालवली, की मोकळी झालेली जागा तीन फेऱ्यांत पुन्हा लिहून टाकली जाते. माझ्या फिरत्या चकतीच्या डिस्कवर ती रात्रभर चालली. पेन ड्राइव्ह आणि फिरती चकती नसलेल्या एसएसडी डिस्कवर तिचा तेवढा भरवसा धरता येत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या शिक्षिकेला बोलावून डिस्क जोडून दाखवली आणि जळगावच्या त्या ट्रेविषयीही काही न लपवता सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘भाऊ, पुढच्या वर्षीची यादी मी इथेच बसून करून घेईन, आणि पेन ड्राइव्हवर घेऊन जाईन.’ यंदा जूनमध्ये त्या आल्या, शेजारी खुर्ची टाकून बसल्या, आणि त्यांच्या पेन ड्राइव्हवर मी फोल्डरचे नाव लिहिले: ‘जिप शाळा शिष्यवृत्ती’.