नानजिंगचा १३ डिसेंबर

१३ डिसेंबरला नानजिंगमध्ये सुट्टी नसते. ऑफिसं, शाळा, मेट्रो सगळं नेहमीसारखं सुरू. फक्त सकाळी दहा वाजून एक मिनिटाने भोंगे वाजायला लागतात आणि शहर आहे तिथे मिनिटभर उभं राहतं. गाड्या चौकातच थांबतात आणि ड्रायव्हर हॉर्न दाबून धरतात. एरवी इथे हॉर्न इतका कमी ऐकू येतो की आपल्याकडच्या माणसाला सुरुवातीला चुकल्यासारखंच वाटतं. त्यामुळे हा एकत्र आवाज अंगावर येतो. आमच्या ऑफिससमोर एक डिलिव्हरीवाला पोरगा स्कूटरवरून उतरून हेल्मेट हातात धरून उभा होता. त्याचा फोन नव्या ऑर्डरची सूचना मोठमोठ्याने देत होता. त्याने ढुंकून पाहिलं नाही. मिनिट संपलं तसा हेल्मेट चढवून सुसाट निघाला.

१९३७ साली नानजिंग चीनची राजधानी होती. १३ डिसेंबरला जपानी सैन्य शहरात घुसलं आणि पुढचे सुमारे सहा आठवडे शरण आलेले सैनिक, सामान्य माणसं, बायका, पोरं यांच्यावर जे गुदरलं ते इथे लिहवत नाही. या दिवसाला राष्ट्रीय स्मृतिदिनाचा दर्जा २०१४ मध्ये मिळाला. त्याआधी नानजिंगकर तो आपल्यापुरता पाळत असत.

मुख्य समारंभ ज्यांगतुंगमन भागातल्या स्मारकात होतो, पण तो निमंत्रितांसाठी. आम्ही तो टीव्हीवर पाहतो. स्मारक जिथे उभं आहे तिथेच मृतदेह पुरले होते. उत्खननात निघालेले सांगाडे जागच्या जागी ठेवले आहेत. आत एके ठिकाणी दर बारा सेकंदांनी पाण्याचा थेंब पडतो, कारण सहा आठवड्यांत तीन लाख म्हणजे बारा सेकंदांना एक जीव. मला हा हिशेब जरा रचलेला वाटतो. त्यापेक्षा अंगणातल्या ब्राँझच्या पट्ट्यापाशी पाय अडखळतो. त्या हत्याकांडातून वाचलेल्या २२२ जणांच्या पावलांचे ठसे त्यात आहेत. म्हातारपणी घेतलेले ठसे, बोटं वाकडी झालेली.

तीन लाखांचा आकडा भिंतीवर ठळक कोरलेला आहे. युद्धानंतर नानजिंगच्या न्यायालयाने तो धरला, तर टोकियोच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोन लाखांहून अधिक म्हटलं. इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. इथे मात्र त्या आकड्याला कुणी हात लावत नाही, आणि पाहुण्याने तर मुळीच लावू नये.

हे लिहिलं की एखादा तरी मित्र न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांचं नाव काढणार. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे एकटे न्यायाधीश, तेही आपले, म्हणून आपल्याकडे त्यांचं कोण कौतुक! पण त्याच निकालपत्रात नानजिंगमध्ये जपानी सैन्याने अत्याचार केल्याचा पुरावा जबरदस्त आहे, असं त्यांनी स्वच्छ मान्य केलं होतं. त्यांचा आक्षेप होता तो खटल्याच्या कायदेशीर पायावर. व्हॉट्सअ‍ॅपवर हा भाग कुणी पाठवत नाही.

मी भारतीय म्हटल्यावर वयस्कर मंडळी मात्र पालांचं नाही, ‘ख दीहुआ’चं नाव घेतात. म्हणजे आपले सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते आले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते चीनमध्येच वारले. त्यांची समाधी इथून बरीच उत्तरेला, शिज्याच्वांगला आहे. आमच्या ऑफिसातल्या निवृत्तीला आलेल्या एका गृहस्थांना सोलापूर महाराष्ट्रात आहे हे कळल्यावर त्यांनी मला पुन्हा एकदा, जरा नीट, चहा करून दिला.

नानजिंगला आलात तर स्मारकासाठी सोमवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. आणि जॉन राबे यांचं घर चुकवू नका. नानजिंग विद्यापीठाजवळच आहे. हा सीमेन्स कंपनीचा जर्मन माणूस, चक्क नाझी पक्षाचा सदस्य. शहरातल्या सुरक्षित क्षेत्राच्या आंतरराष्ट्रीय समितीचा तो अध्यक्ष होता, आणि त्या क्षेत्रात दोन लाखांहून जास्त लोकांनी जीव वाचवला. स्वतःच्या आवारात त्याने सहाशेच्या वर माणसं ठेवली होती आणि विमानांनी बॉम्ब टाकू नयेत म्हणून त्यांच्यासाठी स्वस्तिकाचा भलामोठा झेंडा पसरला होता. युद्धानंतर बर्लिनमध्ये त्याची उपासमार चालली आहे हे कळल्यावर नानजिंगकरांनी वर्गणी काढून त्याला पैसे आणि खाण्याचं सामान धाडलं. तेही १९४८ मध्ये, स्वतःच्या देशात यादवी पेटलेली असताना.