हत्ती, पळी आणि राणीछाप रुपया

आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या ताटात आजीचा राणीछाप रुपया असतो. दरवर्षी हळदकुंकू लागून लागून व्हिक्टोरियाबाईंचं नाक पार पिवळं झालंय. रोमला तर्मिनी स्टेशनाजवळच्या पालाझ्झो मास्सिमोचं तळघर उतरताना डोक्यात तोच रुपया होता.

बहुतेक लोक वरच्या मजल्यावर सम्राट ऑगस्टसच्या बायकोच्या, लिवियाच्या बागेची भित्तिचित्रं बघतात आणि निघतात. खाली नाण्यांपाशी मी आणि एक पेंगुळलेला रखवालदार, एवढेच. देनारिअस हे रोमन नाणं म्हणजे नखाएवढी चांदी, जेमतेम चार ग्रॅम. इ.स.पू. 211च्या सुमाराचे पहिले देनारिअस साधे: एकीकडे शिरस्त्राण घातलेली रोमा देवी, दुसरीकडे घोड्यांवर कॅस्टर-पोलक्स हे जुळे देव. आपले अश्विनीकुमारच म्हणा ना.

मी खिळले ती ज्युलियस सीझरच्या नाण्यापाशी. इ.स.पू. 49-48 मधलं. हत्ती सापासारख्या कशावर तरी पाय देतोय, खाली सीझरचं नाव. आणि मागच्या बाजूला? पूजेची उपकरणं! लांब दांड्याची पळी, पाणी शिंपडायचा कुंचला, बळीची कुऱ्हाड, पुरोहिताची टोकदार टोपी. पळी बघून मला एकटीलाच हसू फुटलं. हा गृहस्थ इ.स.पू. 63 पासून रोमचा मुख्य पुरोहित होता. यादवी पेटलेली, सैनिकांचा पगार द्यायचा, आणि त्या पगारावर छाप पळीची. धर्म कुणाच्या बाजूला, हे वेगळं सांगायला नकोच.

सीझरच्या खुनानंतर धूमकेतू दिसला. त्याचा दत्तक मुलगा ऑगस्टस याने तोही नाण्यावर घेतला: आठ किरणं, वर शेपूट, आणि अक्षरं ‘दिवुस युलियुस’, म्हणजे देव झालेला ज्युलियस. दत्तक बापच देव झाल्यावर मुलगा कोण, ते ओघाने आलंच. ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस यांचे देनारिअस दक्षिण भारतात ढिगाने सापडलेत. संस्कृतातला ‘दीनार’ही याच घराण्यातला.

संध्याकाळी कॅपिटोलिन टेकडीवरच्या आराचेली चर्चच्या पायऱ्या चढले. शंभराच्या वर आहेत, गुडघ्यांनी मोजल्या. या टेकडीवर कुठेतरी जुनो मोनेताचं देऊळ होतं. टांकसाळ त्याच्याच शेजारी, म्हणून देवीच्या नावावरून इंग्रजी ‘मनी’ शब्द आला.

चर्चमधल्या मेणबत्तीच्या पेटीत एक युरो टाकला. त्यावर लिओनार्दोचा हातपाय पसरलेला माणूस, अंगावर सूतभर कपडा नाही. आजीने याला हळदकुंकू लावलं नसतं.