तुम्ही विचारलंत म्हणून: मराठी पानाला जास्त वेळ का?

"इंग्रजी पान आठ दिवसांत देता, मग तेच मराठीत करायला बारा दिवस आणि दीडपट पैसे कशाला? मजकूर तर आम्हीच टाइप करून देणार आहोत." मी वेबसाइट बनवते, आणि हे मला वर्षातून दहा-पंधरा वेळा तरी ऐकायला लागतं. परवा एका नाट्यसंस्थेच्या कार्यवाहांनी माझ्या कोटेशनवरच्या त्या ओळीभोवती लाल पेनानं गोल काढून फोटो पाठवला. फोनवर मला धड सांगता आलं नाही. मी चिडले आणि मग गप्प बसले. म्हणून लिहिते.

आधी सरळ हिशेब. आपल्या ओळीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी बेतलेल्या ओळींच्या अंतरात 'वर्गीकरण' वरून कापलं जातं आणि 'कुटुंब'चे उकार खालच्या ओळीतल्या मात्रांना भिडतात. इंग्रजी मथळ्याची अक्षरं जरा लांब लांब ठेवली की तो भारदस्त दिसतो. तीच युक्ती मराठी मथळ्याला लावली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. मग 'ल' आणि 'श' येतात. राज्य शासनानं ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिले. पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीत, मराठी ल आणि हिंदी ल यांचा संकेत एकच आहे. कोणतं रूप दाखवायचं ते फॉन्ट ठरवतो, आणि त्यासाठी 'हा मजकूर मराठी आहे' असं पानाच्या कोडमध्ये लिहावं लागतं. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट ती खूण वाचून मराठी रूपं देतो, पण सगळे फॉन्ट देत नाहीत. म्हणजे फॉन्ट निवडताना प्रत्येक वजनात, ठळक आणि बारीक, ल आणि श उघडून बघायचे. हे कुणी बघत नाही असं तुम्ही म्हणाल. मराठी शाळेत शिकलेला प्रत्येक माणूस बघतो. त्याला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, एवढंच.

पण चार दिवस जास्त लागतात ते यामुळे नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. ही कामं आता हातात बसली आहेत, दीड दिवसात उरकतात. उरलेल्या वेळात मी वाचते. तुम्ही दिलेला मजकूर पानावर चढल्यावर पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, मोठ्यानं. आणि त्याचे पैसे लावते.

२०१३ साली मी असं वाचत नव्हते. त्या वर्षी सातारा जिल्ह्यातल्या एका दिवाळी अंकाचे बावीस वर्षांचे अंक वेबवर आणायचं काम माझ्याकडे आलं. संपादक सर निवृत्त शिक्षक होते. अंक पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, जुन्या फॉन्टात लावलेले. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण आपल्याकडचे छापखाने पुढे कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांवरच चालले. त्या फाइलच्या पोटात मराठी नसतंच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी मराठी आकार काढून दाखवतो. फॉन्ट काढला की उरतो तो निव्वळ गोंधळ. म्हणून कोणत्या चिन्हाला कोणतं अक्षर याचा तक्ता करायचा आणि स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, चालवून सगळं युनिकोडमध्ये आणायचं. मी तक्ता केला, प्रत्येक अंकाची पहिली दहा पानं नजरेखालून घातली, आणि साइट सुरू केली. सुंदर साइट होती. आजही मला ती मांडणी आवडते.

पालखी लोणंदहून तरडगावकडे निघाली होती त्या दिवशी, फोन आला. फलटणच्या एक बाई, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांचा एक लेख १९९४ च्या अंकात होता, त्यांच्या आईवर. नातवानं तो मोबाइलवर काढून दाखवला होता. लेखाचं नाव होतं 'आईच्या सतरा वाऱ्या'. माझ्या पानावर, मी मोठ्या हौसेनं निवडलेल्या मथळ्याच्या फॉन्टात, लिहिलं होतं 'आईच्या सतरा वाया'.

"ताई, सतरा वर्षं ती पायी गेली," त्या म्हणाल्या. "शेवटच्या वर्षी पाय सुजले होते तरी गेली. तुम्ही वाया लिहिलंत."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं: "तांत्रिक अडचण आहे, दोन दिवसांत दुरुस्त होईल." त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. तांत्रिक अडचण नव्हती. त्या जुन्या फॉन्टात वाऱ्यातला तो चंद्रकोरीसारखा अर्धा र दोन वेगवेगळ्या जागी ठेवलेला होता आणि माझ्या तक्त्यात त्यातली एकच होती. दुसरी स्क्रिप्टला अनोळखी. आणि अनोळखी खूण आली तर ती गाळून टाक, अशी सूचना मीच लिहिली होती, कारण पानावर रिकामे चौकोन दिसलेले मला नको होते. चौकोन दिसले असते तर कुणालाही कळलं असतं की इथे काहीतरी हरवलंय. मी पान स्वच्छ ठेवलं.

त्या रात्री मथळा नीट केला आणि मग बाकीचं वाचायला बसले. शेतकयांना. दुसया. पाययांवर. साया. पहिल्याच अंकात अशा चारशेच्या वर जागा. यातले शेतकरी लगेच ओळखू येतात, ते एका फटक्यात बदलता येतात. पण 'वाया' सरसकट 'वाऱ्या' केलं तर खरोखर वाया गेलेलं पीकही वारीला जातं. 'दया'चंही तसंच. कुठे ती दया आहे आणि कुठे सह्याद्रीतल्या दऱ्या, ते वाक्य वाचल्याशिवाय कळत नाही. मूळ फाइल असती तर तक्ता सुधारून पुन्हा चालवलं असतं. सरांच्या संगणकावर त्या होत्या. पण साइट सुरू झाली त्या आठवड्यात मीच त्यांना म्हणाले होते, "सर, आता ते जुनं ठेवायची गरज नाही." माझ्या शब्दावर त्यांनी मशीन फॉरमॅट करून घेतलं. माझ्याकडच्या सीडींपैकी नऊ अंकांच्या उघडल्या. उरलेल्या तेरांपैकी बारा अंक मी छापील प्रती शेजारी ठेवून वाचले, चार महिने, रोज रात्री. त्याचे पैसे घेतले नाहीत. सरांनी एका शब्दानं मला बोल लावला नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, की तू त्या एका फोनचा बोजा सगळ्या ग्राहकांवर टाकतेस. पतसंस्थेच्या ठेवींच्या दराच्या पानावर कुणाची आई नसते. तिचं म्हणणं खोटं नाही. एवढं मोठ्यानं वाचूनही बऱ्याचदा एखादी वेलांटीच सापडते, आणि आता बहुतेक मजकूर युनिकोडमध्येच येतो. तरी आजही एकाच 'वाऱ्या'तला अर्धा र कुणी एका पद्धतीनं टाइप करतं, कुणी दुसऱ्या. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात आणि शोधायला गेलं तर एक सापडतो, दुसरा नाही. मागच्याच वर्षी एका केटरिंगवाल्यांच्या मजकुरात 'आचाऱ्यांना'च्या जागी 'आचार्यांना' आलं होतं. भाजी चिरायच्या सूचना होत्या त्या. हा मुद्दा माझ्या बाजूचा म्हणून सांगते, पण यानं चार दिवसांचा हिशेब पुरा होत नाही हे मलाही दिसतं. कोटेशनमधली ती ओळ काढावी की ठेवावी, अजून ठरत नाही. नाट्यसंस्थेला मी दोन दिवस कमी करून दिले.

त्या बावीस अंकांपैकी १९९७ च्या अंकाची सीडी उघडली नाही, आणि सरांकडची छापील प्रत वाळवीनं खाल्ली. त्यात एक कविता आहे. तिच्यातली एक ओळ माझ्या पानावर अशी उतरली: 'तू तिथे, मी इथे, मधे दया'. कवयित्री २००४ मध्ये गेल्या. वहीही मिळाली नाही. मी त्यांच्या मुलीला फोन करून विचारलं, दया की दऱ्या? ती बराच वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, "आईनं दोन्ही लिहिलं असतं हो."

मागच्या वर्षापर्यंत तिथे 'दया' होतं. सध्या 'दऱ्या' आहे.