पंखांना सामानाचा डबा

चार फुटी स्ट्रेचर, म्हणजे कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट, घेऊन लोकलनं जायचं असेल तर सामानाच्या डब्याला पर्याय नाही. मला तो डबा आवडतोही. प्रत्येकाकडे काही ना काही अवघड वस्तू असते, त्यामुळे माणसं एकमेकांशी जरा बरी वागतात. रविवारची दुपार, जम्बो ब्लॉकमुळे रखडलेल्या गाड्या. जहांगीर आर्ट गॅलरी आणि काळा घोड्याच्या आसपासची चित्रप्रदर्शनं उरकून मी दहिसरला परत निघालो होतो. दादरला एक पोरगा चढला. त्याच्याजवळ पंख होते.

पाठीला नव्हते, काखेत होते. जुन्या चादरीत गुंडाळून सुतळीनं बांधलेले, पण टोकं बाहेर आलेली. अंगात राखाडी चिलखत, खाली जीन्स, पायात स्लीपर. दारापाशी मासे विकून परतणारी एक मावशी बसली होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "नाटक हाय काय रे?"

"नाही मावशी, कॉमिक कॉन आहे. नेस्कोला."

"बरं," म्हणाली, आणि पंख टेकवायला आपली रिकामी टोपली पुढे सरकवली. कॉमिक कॉन म्हणजे काय (कॉमिक्सच्या चाहत्यांचा मेळा, आवडत्या पात्राचं सोंग घेऊन जायचा), हे तिनं विचारलं नाही. नाटकासारखंच काहीतरी असणार आणि पंख मोडता कामा नयेत, एवढं तिला पुरेसं होतं.

नेस्को हे प्रदर्शन केंद्र गोरेगावात, तिथे तो उतरला. पुलावर पाहिलं तर त्याच्यासारखे आणखी बरेच. हिरव्या-काळ्या चौकड्यांचे अंगरखे घातलेली पोरं तर इतकी, की कुठल्या शाळेचा गणवेश वाटावा. मीही उतरलो. स्ट्रेचरसकट. का, ते सांगायचं तर आधी कलावार्तेबद्दल सांगावं लागेल.

एका मासिकात मी दर महिन्याला दीड पान कलावार्ता लिहितो. कुठे, कुणाचं, कधीपासून कधीपर्यंत, वेळ अकरा ते सात. त्याखाली चार ओळी. या चार ओळींनी माझा जीव खाल्लाय. कॅटलॉग उघडला की 'अमूर्ताचा शोध' असतो, 'रंगांचा मुक्त आविष्कार' असतो, 'अंतर्मनाचा प्रवास' तर असतोच असतो. एवढी माणसं इतकी वर्षं अंतर्मनात प्रवास करतायत, एकही कुठे पोचल्याचं ऐकिवात नाही. आणि सोबत येणारे फोटो! उद्घाटनाच्या फोटोत चित्र दिसत नाही. समई दिसते, पुष्पगुच्छ दिसतो, शाल दिसते, प्रमुख पाहुण्यांची पाठ चित्राला लागलेली दिसते. पाहुण्यांच्या डाव्या कानामागून निळ्या रंगाचा एक कोपरा डोकावत असतो, तेच ते प्रदर्शन. माझ्याकडे असे फोटो खोकंभर साठलेत. कधीतरी त्या कोपऱ्यांचंच प्रदर्शन भरवावं म्हणतो.

बाकी वार्ता म्हणजे आकडे. २०२५च्या मार्चमध्ये चित्रकार एम. एफ. हुसेनांचं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात जवळपास ११८ कोटींना गेलं, तेव्हा मला इतके फोन आले की जणू ते मीच विकलं. १९५४ सालचं चित्र, गावच्या जगण्याचे तेरा तुकडे एका लांबलचक पटावर मांडलेले, आणि ते कित्येक वर्षं ऑस्लोच्या एका रुग्णालयात टांगलेलं होतं. आजारी माणसं त्याच्यासमोरून चाकाच्या खुर्चीवरून गेली असतील. त्या रुग्णालयाबद्दल मला फार विचारावंसं वाटतं. पण माझ्या मावसभावाचा प्रश्न एकच, "तुझं किती जातं रे साधारण?" त्याला कसं सांगणार, की हुसेनसुद्धा याच शहरात सिनेमाची होर्डिंगं रंगवत होते आणि तेव्हा पैसे फुटाच्या हिशेबानं मिळायचे.

तर डोक्यात हे सगळं, आणि समोर चादरीतले पंख. गेलो मागोमाग.

आत गेलो नाही. तिकीट काढलेलं नव्हतं, आणि आतला तो गोंगाट मला झेपला नसता. पण जहांगीरच्या फुटपाथवर चित्रं मांडून बसणाऱ्यांत माझी काही वर्षं गेली आहेत. दालनातल्या तारखेची वाट बघण्यात माणूस म्हातारा होतो, म्हणून बाहेर बसायचं. तेव्हापासून माझी खात्री आहे की मुख्य मजा दाराबाहेर असते. नेस्कोबाहेर, हायवेच्या बाजूला, चहावाल्याच्या बाकड्यावर स्ट्रेचर टेकवलं आणि वही काढली.

आतून दमून बाहेर आलेली मंडळी तिथे येत होती. कोळ्याच्या जाळ्याचा लाल-निळा सूट घातलेला एक जण मुखवटा कपाळावर सारून वडापाव खात होता, चटणी सूटवर सांडू नये म्हणून कंबरेत वाकून. एक राक्षस फोनवर आईला सांगत होता की जेवलोय. कुणालाही "फोटो?" म्हटलं की क्षणात अंगात यायचं. पाय फाकले, हनुवटी वर, नजर ठाण्याच्या दिशेला. फोटो झाला की पुन्हा खांदे पडायचे. मला हे खांदे पडलेलेच काढायचे होते. जे. जे. कला महाविद्यालयात फिगरच्या तासाला आमचे एक सर म्हणायचे, मॉडेल विश्रांतीला बसलं की पेन्सिली खाली ठेवू नका, खरा तास आता सुरू झाला. सगळे चहाला पळायचे. मीही पळायचो म्हणा.

एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. तिचं चिलखत पाहून मी उडालो. कुठल्याशा किल्ल्याच्या दारावरून उचकटून आणलेलं लोखंड वाटावं असं. कडा झिजलेल्या, खाचांत काळं साचलेलं, एका खांद्यावर तलवारीचा वार. मी न राहवून बोट पुढे केलं.

"काका, हात नका लावू. उन्हानं ग्लू सुटतोय."

योगासनांच्या चटईसारखा फोम, कटरनं कापलेला, हीटगननं तापवून मांडीवर वाकवलेला, सुतार वापरतात त्या फेविकॉल एसआरनं चिकटवलेला. त्यावर चंदेरी ॲक्रिलिक. आणि मग, ती म्हणाली, पूर्ण अंगावर पातळ काळा फासायचा आणि वाळायच्या आत बाबांच्या जुन्या बनियननं पुसून काढायचा. वर उरतं ते लोखंड, खाचेत राहतो तो काळ. तिनं 'काळ' असं काही म्हटलं नाही, ते माझं. ती म्हणाली, "खाचेतला ठेवायचा, बाकी पुसायचा." कडांची झीज कोरड्या ब्रशची, नुसता स्पर्श केल्यासारखी. हे मला शिकायला दोन वर्षं लागली होती आणि फी भरावी लागली होती. तिनं ते परीक्षा संपल्यावर सुट्टीत, व्हिडिओ बघून, गच्चीत बसून जमवलं होतं.

आणि येणारा-जाणारा थांबून काय विचारत होता? "शिवण कुठे लपवलीस?" "बक्कल प्रिंट केलंस की कोरलंस?" "वजन किती?" जहांगीरमध्ये इतक्या उद्घाटनांना गेलो, चित्रासमोर उभं राहून "हा पांढरा कसा लावला?" असं विचारणारा माणूस क्वचितच भेटला. चित्र विकलं गेल्याची लाल टिकली कुठे कुठे लागली आहे ते मात्र सगळे बघून घेतात.

या पोरांच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणून एका अमेरिकन माणसाचं नाव घेतात. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथांच्या चाहत्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट ॲकरमन भविष्यकाळातला पोशाख घालून गेला. बाकी सगळे कोट-टायमध्ये. त्याच्याबरोबर मर्टल डग्लस होती, तीही तशाच पोशाखात. दोन्ही पोशाख तिनं शिवले होते, त्याचाही. तरी बरीच वर्षं गोष्ट त्याचीच सांगितली जायची. शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत शिवाजी महाराज बनलेल्या पोराला बक्षीस मिळतं, आणि रात्री जागून पुठ्ठ्याच्या जिरेटोपावर बेगड डकवणारी आई मागच्या रांगेत पिशव्या सांभाळत बसलेली असते, त्यातलाच प्रकार. मुलीला हे सांगितलं. तिला माहीत होतं. वर तिनं मला सांगितलं, की अस्तर तिच्या आजीनं लावून दिलंय.

मग मला कुडाळ आठवलं. खरं तर कुडाळ नव्हे, त्याच्या पुढचं आमच्या आत्येचं गाव. जत्रेला दशावतार असायचा. पहिली घंटा वाजायच्या कितीतरी आधी आम्ही पोरं देवळाच्या मागे घुसायचो. दशावतारात रंग लावायला वेगळा माणूस नसतो, प्रत्येक नट आपलं तोंड आपण रंगवतो. पत्र्याच्या ट्रंकेवर बसून, हातभर अंतरावर आरसा, शेजारी कंदील. खोबरेल चोळायचं, मग सफेता, कुंकू, काजळ. एका वर्षी आरसा ठेवायला जागा नव्हती म्हणून एका नटानं मला पकडून समोर बसवला आणि आरसा हातात दिला.

कितीतरी वेळ मी तो धरून होतो. आरशाची पाठ माझ्याकडे, आणि आरशाच्या वरून फक्त कपाळ आणि भुवया दिसायच्या. दिवसा हा माणूस बहुतेक कुणाच्यातरी बागेत कामाला जात असावा, नखांत माती होती. भुवया जाड होत गेल्या, कपाळावर गंध आलं. हात दुखायला लागला, आरसा हलला, तसा तो दरडावून म्हणाला, "आरसो सरळ धर रे झिला, नायतर भीम वाकडो जातलो." मी श्वास धरून सरळ धरला. अर्ध्या तासापूर्वी तिथे एक शिडशिडीत माणूस बसला होता. आरसा खाली घेतला तेव्हा भीम होता. पण मधला, भीम होतानाचा माणूस मला दिसलाच नाही. तो सगळा आरशाच्या पलीकडल्या बाजूला.

त्या रात्रीचं नाटक मला मुळीच आठवत नाही. बाकड्यावर राजे बसले असतील, पायपेटी आणि मृदंग वाजला असेल, संवाद नेहमीप्रमाणे तिथल्या तिथे रचले गेले असतील. सकाळी मात्र आत्येच्या अंगणातून पाहिलं होतं. मंडळी पुढच्या जत्रेला निघाली होती, ट्रंका डोक्यावर. त्यातला भीम कोणता, ते ओळखू येईना. कानामागे थोडा सफेता राहिलेला असेल तर कळेल म्हणून मी बघत होतो. सगळ्यांच्याच कानामागे होता.

यावर मी कधी चित्र काढलं नाही. काढायला बसलो की आरसा फार महत्त्वाचा होऊन बसतो.

हा सगळा प्रकार काढायला खरा माणूस म्हणजे जुने चित्रकार धुरंधर. महादेव विश्वनाथ धुरंधर, कोल्हापूरहून जेजेत आले आणि तिथेच शिकवत राहिले. त्यांनी मुंबईच्या माणसांची चित्रं काढली, पोस्टकार्डांसाठीसुद्धा, आणि ती पाहिली की कळतं, या माणसाची नजर आधी निऱ्यांकडे जायची. पगडी कुणी कशी बांधली, पदर कुठून घेतला, शिपाई उभा कसा राहतो. २०१८ साली एनजीएमएत, म्हणजे मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला दालनात, त्यांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा मी चार ओळी लिहिल्या होत्या. काय लिहिलं होतं ते आता बघवणार नाही, पण 'रोमँटिक' हा शब्द नक्की असणार. त्यांना नेस्कोबाहेरच्या या बाकड्यावर बसवलं असतं तर संध्याकाळपर्यंत वही संपली असती. त्या राक्षसाच्या फोनवरच्या हाताला तर त्यांनी सोडलंच नसतं.

हात, हो. माझा एक जुना हेका आहे. सोंग घेतलेला माणूस ओळखायचा तो हातावरून. चेहरा रंगवता येतो, अंगावर चिलखत चढवता येतं, हाताचं काय करायचं? ज्यांच्याकडे तलवार होती ते सुखी. बाकीच्यांनी फोन धरले होते. शाळकरी पोरगा वर्गात उभा केल्यावर चड्डीच्या शिवणीशी चाळा करतो, तसा तो पंखवाला चिलखताची कड चाचपत उभा होता. पंख आता नीट बसले होते, चांगले पाच फूट पसरलेले, आणि त्यामुळे त्याला बसता येत नव्हतं. चहावाल्यानं त्याला चहा उभ्यानंच दिला. पंखांवरून वळसा घालून हात लांब करावा लागला, पण दिला. मी ते काढलं. दोन्ही हात, मध्ये ग्लास.

चिलखतवाल्या मुलीनं वही मागितली. तिचं चित्र तिनं बराच वेळ पाहिलं, प्रमुख पाहुणे पाहतात त्यापेक्षा नक्कीच जास्त. मग म्हणाली, "ह्या खांद्याला वजन दिसतंय. फोटोत नाही येत." आणि लगेच, "पेन्सिल कुठली, सहा बी?" चार बी होती. तिनं फोटो काढून घेतला, हेल्मेट काखेत मारलं आणि आत गेली. तिची स्पर्धा होती. जिंकली की नाही ठाऊक नाही.

घरी येऊन कलावार्ता लिहायला बसलो. अमूर्ताचे शोध आणि अंतर्मनाचे प्रवास भराभर उरकले. शेवटी जागा उरली होती तिथे नेस्कोबाहेरच्या चार ओळी घातल्या. फोम, काळा रंग, बनियन, अस्तर लावणारी आजी. दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन आला. भला माणूस आहे. ओळी आवडल्या म्हणाले.

"पण उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं?"

म्हटलं, मी बाहेर होतो, बाहेर कुणाच्याच हस्ते नाही.

"अहो, मग फोटो कुणाचा टाकू?"