कुळथाला रक्त कळतं

मावशीने घरच्या ग्रुपवर एक तक्ता टाकलाय, रक्तगटाप्रमाणे आहाराचा. ए गटाने मटण-चिकन सोडून भाजीपाल्यावर राहायचं. ओ गटाने खुशाल मांस खायचं, पण गहू आणि कडधान्यं टाळायची. बी गटाला चिकन, मका, शेंगदाणे, सगळं बंद. आमच्याकडे बी गटाची माणसं जास्त. म्हणजे साबुदाण्याच्या खिचडीत कूट नाही, काकडीच्या कोशिंबिरीत नाही, भरल्या वांग्यातही नाही. अशा घरात स्वयंपाकाला उभं कोण राहणार?

तक्त्याच्या तळाशी कारण दिलंय: लेक्टिन. बियांमधलं हे द्रव्य म्हणे चुकीच्या गटाच्या माणसाचं रक्त गोठवतं. गंमत अशी की यातली थोडी गोष्ट खरी आहे, आणि ती तक्त्यापेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

लेक्टिनं ही प्रथिनं. ठरावीक साखर दिसली की तिला धरून बसायचं, एवढंच त्यांचं काम. आपल्या लाल पेशींच्या अंगावर साखरेच्या साखळ्या असतात आणि ए, बी, ओ हा सगळा भेद त्या साखळीच्या टोकाचा. टोकाला एक साखर असली की ए, तिचंच जवळचं भावंड असलं की बी, दोन्ही नसली की ओ. लेक्टिनाला एकाहून जास्त हात असतात. ते एका वेळी दोन-दोन पेशी धरतं आणि पेशींचे पुंजके होतात. एरंडाच्या बियांच्या अर्काने असे पुंजके होतात हे हेर्मान स्टिलमार्कने 1888 मध्येच डॉर्पाटला, म्हणजे आजच्या एस्टोनियातल्या टार्टूला, नोंदवलं होतं. लँडस्टायनरने रक्तगट मांडले ते 1901 साली.

एरंडाला मात्र गटबिट कळत नाही. ते कळतं आपल्या कुळथाला. भारतात काम करणाऱ्या जी. डब्ल्यू. जी. बर्ड यांनी 1951 मध्ये 'करंट सायन्स'मध्ये हे छापलं. कुळीथ दळायचे, मिठाच्या पाण्यात भिजवायचे, गाळ खाली बसवून वरचं निवळ पाणी घ्यायचं. त्याचा थेंब बी किंवा ओ रक्ताच्या पेशींवर टाका, गुलाबी पाणी तसंच गुलाबी राहतं. ए रक्तावर टाका, लाल कण गोळा होतात आणि भोवतालचं पाणी स्वच्छ होतं. त्यातही ए-वन आणि ए-टू असे पोटभेद आहेत. अर्क बेताचा पातळ केला तर फक्त ए-वनच गोळा होतं. दाट ठेवलात तर ए-टूसुद्धा. पिठीसारखंच इथेही सगळं पाण्याच्या अंदाजावर. रक्तपेढ्यांमध्ये ए-वन ओळखायला हा कुळथाचा अर्क वापरतात. किडनीच्या प्रत्यारोपणातही हा भेद कामाला येतो, कारण ए-टू दात्याच्या पेशींवर ए-ची खूण विरळ असते आणि त्याची किडनी कधी कधी ओ किंवा बी गटाच्या माणसाला चालते. मुतखड्यावर कुळथाचं कढण सांगणाऱ्या आजीला हे ऐकून आनंद झाला असता, आणि तिने लगेच त्याचं श्रेय कढणाला दिलं असतं.

माझा गट ए. तरी लहानपणापासून कुळथाची पिठी भातावर ओतून खातोय आणि रक्त वाहतंय. परीक्षानळीत कच्चा अर्क थेट पेशींवर पडतो; ताटातला कुळीथ भाजलेला, शिजलेला असतो आणि जातो पोटात. आचेने बहुतेक लेक्टिनांची घडी मोडते. कच्चा राजमा खाल्ला तर ओकाऱ्या ठरलेल्या, पण त्या चारही गटांना सारख्याच होतात. म्हणूनच तो रात्रभर भिजवून, पाणी टाकून, चांगला उकळायचा. टोरोंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये हा गटवार आहार तपासला. काहींना फायदा दिसला, पण त्याचा त्यांच्या रक्तगटाशी काडीचा संबंध नव्हता.

शेंगदाण्याची तर यात नाहक बदनामी झाली आहे. त्याचं लेक्टिन बी-ला ओळखतच नाही. निरोगी रक्त कुठल्याही गटाचं असो, हे लेक्टिन शांत बसतं. त्याला हवी असलेली साखर झाकलेली असते. काही जंतुसंसर्गांत जंतूंचं विकर वरचं झाकण कापून टाकतं, तेव्हाच शेंगदाणा पुंजके करतो. म्हणजे त्याचा राग संसर्ग झालेल्या रक्तावर, बी गटावर नाही. खिचडीत कूट पडणार.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं आणि वर एक शंका टाकली. 1952 साली मुंबईत डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं रक्त नोंदवलं, ज्यात ए नाही, बी नाही, आणि ओ-मध्ये असते ती मूळची एच-ची खूणसुद्धा नाही. साध्या चाचणीत ते ओ म्हणूनच खपतं, पण त्या माणसाला ओ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. हा बॉम्बे गट. तक्त्यात त्याचा रकाना नाही. मग या मंडळींनी जेवायला काय घ्यायचं?

मावशीने तक्ता ज्यांच्याकडून आला त्यांना विचारते म्हणून सांगितलंय.