मामांच्या कॅसेटी उतरवून घेताना

साठ मिनिटांची कॅसेट संगणकावर उतरवायला साठ मिनिटंच लागतात. पेनड्राइव्हवरून फाइल ओढली आणि झालं, असं इथे काही नसतं. कॅसेट डेकमध्ये फिरणार, तारेतून आवाज लॅपटॉपमध्ये जाणार, आणि मधेच टेप अडकली तर बंद करायला कुणीतरी शेजारी पाहिजे. म्हणजे आपणच. गेल्या पावसाळ्यात माझ्या आवडत्या संगीताची यादी पार बदलली, ती या बसून राहण्यामुळे. मोबाइलवर मी गाणं आवडलं नाही की पुढे ढकलते. इथे ढकलायची सोयच नव्हती.

कॅसेटी थोरल्या मामांच्या. मामा बेळगावात शहापूरला राहायचे. नोकरी बँकेत आणि जीव गाण्यात. मिरजेच्या दर्ग्यातला उरूस असो की धारवाडची बैठक, रात्रीची एसटी पकडून जाणार आणि सकाळी थेट कामावर हजर. आता ते आणि मामी मुलाकडे टिळकवाडीत फ्लॅटवर राहायला गेले, तेव्हा माळ्यावरून बिस्किटांचे पत्र्याचे डबे खाली आले. "नेणार तर सगळंच ने की, निवडत बसू नको. आणि डबे मला परत पाहिजेत," मामी म्हणाली. मामा एवढंच म्हणाले, "फेकायचं ते ऐकून मग फेक." डबे आणि त्यांचा जुना डेक घेऊन मी खानापूरला आले.

डेक चालू होत नव्हता. एका दुकानात तर त्याच्याकडे नुसतं बघून "भंगारात घाला" म्हणाले. खडेबाजाराकडच्या गल्लीत एक म्हातारे मेकॅनिक भेटले. त्यांनी झाकण उघडलं, आत बोट घातलं आणि काळं बोट मला दाखवलं. रबरी बेल्टचं डांबर झालं होतं. "मोटर चांगली हाय ओ, बेल्ट तेवढा गेलाय. ठेवून जावा, हुबळीहून मागवतो." तो आल्यावर डेक फिरायला लागला. हेड (टेपेवरचा आवाज वाचणारा भाग) आणि पिंच रोलर (टेप ओढणारं रबरी चाक) घरी मीच पुसले, आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापूस भिजवून. कापूस तपकिरी निघाला.

मग बुरशी. आपल्याकडच्या पावसात माळ्यावर ठेवलेल्या टेपेवर पांढरी भुकटी धरते. कॅसेटीच्या खिडकीतून बघितलं तर रिळाच्या कडेला दिसते. अशी कॅसेट तशीच लावली तर बुरशी हेडवर जाते आणि तिथून पुढच्या कॅसेटीवर. स्क्रूवाल्या कॅसेटी उघडून, तोंडाला मास्क लावून, टेप मऊ कापडातून हाताने हळूहळू गुंडाळून घ्यावी लागली. काहींची टेपेला हेडवर दाबून धरणारी ती इवलीशी स्पंजची गादी गळून पडली होती. त्यांचं रीळ दुसऱ्या कॅसेटीच्या खोक्यात बसवलं. चिकटवून बंद केलेल्या कॅसेटी मात्र सुरीने उकलाव्या लागतात, आणि उकलताना एखादी फुटतेच.

या सगळ्यात मला खरी मजा आली ती हेडच्या बाजूच्या एका बारीक स्क्रूची. त्याने हेडचा कोन बदलतो. ज्या यंत्रावर कॅसेट भरली त्याच्या हेडचा कोन आणि आपल्या हेडचा कोन जुळला नाही, तर आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. गाणं सुरू ठेवायचं, कानाला हेडफोन लावायचा आणि घड्याळजीच्या पेचकसाने तो स्क्रू केसभर फिरवायचा. शब्दांकडे लक्ष द्यायचं नाही, तंबोऱ्याकडे द्यायचं. एका ठिकाणी तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणझणता नाद, एकदम उजळते, तारा सुट्या ऐकू येतात. तिथे थांबायचं. मामांनी रेडिओवरून भरलेल्या कॅसेटींना हे प्रत्येक वेळी नव्याने करावं लागलं, कारण त्यांनी आयुष्यात किती टेपरेकॉर्डर बदलले ते त्यांनाही आठवत नाही.

एक सल्ला देऊन ठेवते. संगणकावरच्या प्रोग्राममध्ये खरखर काढायचं बटण असतं, ते गाण्याला लावू नये. जो आवाज सतत एकसारखा चालू आहे तो नको असलेला, असं तो प्रोग्राम धरतो. तंबोरा सतत एकसारखाच चालू असतो! खरखरीबरोबर तोही धुतला जातो आणि गायक रिकाम्या खोलीत उभा राहून गातोय असं वाटायला लागतं. मी खरखर तशीच ठेवली. चोवीस बिटला, ४८ किलोहर्ट्झवर, तासाला साधारण १ जीबी जागा जाते. ती जाऊ दे.

पहिली खरी भेट झाली कुमार गंधर्वांशी. आपल्या भागात हे नाव सगळ्यांनाच माहीत. शिवपुत्र कोमकली (हे त्यांचं मूळ नाव) १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मले हे आम्ही शाळेत असल्यापासून अभिमानाने सांगतो, आणि ऐकतो मात्र एखाददुसरं निर्गुणी भजन. माझंही तसंच होतं. मामांच्या डब्यात 'गीतवर्षा' निघालं. पावसाची गाणी: मल्हाराच्या घरातल्या बंदिशी आणि माळव्यातली लोकगीतं एकत्र. क्षयाच्या दुखण्यामुळे कुमारजी १९४८ मध्ये देवासला राहायला गेले, मोठा काळ गाणं बंद होतं, आणि त्या दिवसांत अंथरुणावर पडून आजूबाजूच्या बायकांची गाणी कानावर पडत होती, एवढं ऐकून माहीत होतं. कॅसेट उतरवताना पहिल्यांदा कळलं की हे ऐकणं त्यांच्या ख्यालात कुठे जाऊन बसलंय. एखादी लोकधून चार सुरांतच फिरते. तीच चाल मागाहून बंदिशीत डोकावते आणि आपल्याला वाटतं, अरे, ही तर आत्ता ऐकली. सुटं सुटं ऐकलं असतं तर हे माझ्या लक्षात येण्याची शक्यता नव्हती. त्या गाण्यांचा क्रम हाच त्या अल्बमचा अर्थ आहे.

बाहेर खानापूरचा पाऊस. त्याचं कौतुक ज्यांचे पत्रे गळत नाहीत त्यांनी करावं. पण कुमारजींचा पाऊस कोकणासारखा सलग कोसळणारा नाही, वाट बघायला लावणाऱ्या माळव्यातला आहे, हे मला आमच्या कोसळणाऱ्या पावसात बसून जाणवलं. सूर येतो, तुटतो, मधली जागा मोकळी सोडतो. एक फुफ्फुस निकामी झालं म्हणून ते असे तुकड्या-तुकड्यांनी गायचे, हे जो तो सांगतो. मला आता ते पटेनासं झालंय. श्वास कमी पडतोय म्हणून सोडलेली जागा आणि मुद्दाम ठेवलेली जागा यांतला फरक हेडफोनवर ऐकू येतो. मधेच लाईट गेली, डेक थांबला, लॅपटॉप बॅटरीवर शांतता भरत राहिला. ती बाजू पुन्हा पहिल्यापासून घ्यावी लागली आणि मला वाईट वाटलं नाही.

त्यांचंच 'मला उमजलेले बालगंधर्व' मात्र मला जड गेलं. आमच्या घरी आजी बालगंधर्वांची पदं ज्या लाडाने म्हणायची ती चाल कानात घट्ट बसलेली, त्यामुळे पहिल्या बाजूला मी मनातल्या मनात भांडतच होते. नावातलं 'मला उमजलेले' किती नेमकं आहे ते दुसऱ्या बाजूला उमजलं. नक्कल नाही, आपलं म्हणणं आहे. तरी माझ्या यादीत ते वरती नाही. आदर आहे, पुन्हा लावावंसं वाटत नाही.

वरती आहेत मल्लिकार्जुन मन्सूर. धारवाडजवळच्या मन्सूरचे, जन्म १९१०. आधी मिरजेच्या नीलकंठबुवांची ग्वाल्हेर घराण्याची तालीम, मग मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडची जयपूर-अत्रौलीची. मी त्यांना 'अवघड' म्हणून बाजूला ठेवलं होतं, कारण राग ओळखीचे नसतात: सावनी, बिहारी, खट, एकनिषाद बिहागडा. कॅसेटीने माझा इलाज केला. एकाच बाजूवर राग बसवायचा असल्यामुळे प्रस्तावना नाही. सुरुवातीलाच बंदिश, आणि तीही रेंगाळणारी नाही, चालती लय. सरगम, म्हणजे सा-रे-ग-म म्हणत गाणं, जवळजवळ नाहीच, सगळा 'आ'कार. एक तान सरळ जाईल असं वाटतं तोवर ती आतल्या आत वळते, आणखी एकदा वळते, आणि आपण मात्रा मोजत असताना ते समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आधीच येऊन उभे! मी बाजू संपेपर्यंत बोटांवर तीनताल धरून बसले आणि पुष्कळदा चुकले. लॅपटॉपवरच्या आवाजाची पातळी दाखवणाऱ्या हिरव्या पट्ट्या लाल व्हायला लागल्या तरी आवाज कमी करायचं सुचलं नाही, इतकी ती तान अचानक चढली. 'बिहारी' हा आता माझा सर्वांत जास्त वाजलेला ट्रॅक आहे. राग ओळखीचा नसण्याचा एक फायदा असतो: आधीच्या कुणाशी तुलना करता येत नाही, त्यामुळे नुसतं ऐकावं लागतं.

गंगूबाई हनगलांची एक कॅसेट बुरशीने पार गेली. जे शिल्लक राहिलं त्यातला तो खर्जाकडचा, खालच्या सुरांतला आवाज खरखरीच्या वर उभा राहतो. संतूर-बासरीच्या 'मन शांत करणाऱ्या' कॅसेटी भरपूर होत्या. मामीच्या असाव्यात. त्या मी उतरवल्या, ऐकल्या, आणि मला झोप लागली. म्हणजे त्यांनी आपलं काम केलं.

भीमसेन जोशींच्या कॅसेटींनी एक पूर्ण डबा अडवला होता. अभंग आमच्या पिढीला पाठच. काकडआरतीच्या वेळी देवळाच्या कर्ण्यावरून ते इतके ऐकलेत की नव्याने ऐकायचं काही उरलंय असं वाटत नव्हतं. पण त्याच डब्यात त्यांची 'दासवाणी' होती, पुरंदरदासांची वगैरे कन्नड पदं. विठ्ठल तोच, आळवणी वेगळी. अभंगात भीमसेन गर्दीला बरोबर घेऊन चालतात. दासपदात आवाज थोडा आत घेतात, घरातल्या देवापुढे बसल्यासारखा. मला ही बाजू जास्त आवडली. मामा दर वर्षी १ नोव्हेंबरला, बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या काळ्या दिनाच्या फेरीत असायचे, आणि या कॅसेटींच्या पुठ्ठ्यांवर पदांची नावं त्यांनी स्वतःच्या हाताने, वळणदार कन्नड अक्षरांत लिहिली आहेत. फोनवर विचारलं तर म्हणाले, "मग काय मराठीत लिहायची? पद कन्नड हाय की."

आता राहिल्यात त्या घरी भरलेल्या. बऱ्याचशा आकाशवाणी धारवाडवरून घेतलेल्या, सुरुवातीला निवेदिकेचा अर्धाच शब्द आणि मग थेट आलाप, कारण मामांचं बोट बटणावर पोचेपर्यंत नाव सांगून झालेलं असायचं. त्यांतला एक यमन मी मामांना पाठवला. ते म्हणाले गायक बसवराज राजगुरू, शंकाच नको. धारवाडला गाणं शिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना पाठवला, त्या म्हणाल्या राजगुरू अजिबात नाहीत, तान बघा. मामांना हे कळवल्यावर त्यांनी ती तान फोनवर स्वतः गाऊन दाखवली, आणि त्यानंतर दोघांनी मला मधून काढून टाकून परस्पर बोलायला सुरुवात केली आहे. निकाल लागेपर्यंत त्या फाइलचं नाव मी 'यमन, धारवाड, वाद चालू' असं ठेवलंय.