ओल्या कापसातली अंडी

ऑगस्टमध्ये लोणावळ्याहून ओल्या कापसाच्या थरांत गुंडाळून आलेली महसीरची, म्हणजे आपल्याकडे ज्याला खडस म्हणतात त्या माशाची, अंडी नागपुरात उघडली तेव्हा ती पिकल्या ज्वारीच्या दाण्यांसारखी सोनेरी दिसत होती. ती काही काळ नुसत्या कापसात ओलसर राहिली तरी टिकतात, हे लोणावळ्याजवळच्या वळवणच्या हॅचरीत, म्हणजे माशांची अंडी उबवण्याच्या केंद्रात, 1970 च्या दशकात मत्स्यशास्त्रज्ञ सी. व्ही. कुलकर्णी यांनी सुरू केलेल्या कामातून पुढे सिद्ध झाले.

रोहूची अंडी पंधरा-अठरा तासांत फुटतात आणि मादी एका किलोमागे लाखांहून अधिक अंडी देते. महसीरची मादी मात्र काही हजारच देते आणि ती फुटायला तीन-चार दिवस लागतात, त्यामुळे प्रत्येक अंड्याचा हिशेब ठेवावा लागतो. मेलेले अंडे पांढरे, अपारदर्शक होते, त्यावर बुरशी धरते आणि ती शेजारच्या अंड्यांवर पसरते, म्हणून सकाळ-संध्याकाळ चिमट्याने वेचणी करावी लागते. एका रात्री वीज गेली, वाहते पाणी थांबले आणि सकाळी एका ट्रेमधला बराचसा भाग पांढरा पडला होता. जनरेटर आधीच तपासायला हवा होता, ही चूक माझीच.

उरलेली पिल्ले ट्रेच्या कोपऱ्यात डोकी खुपसून, शेपट्या हलवत गर्दी करून बसली. पोटाखालची पीतकाची, म्हणजे बलकाची, पिशवी संपेपर्यंत ती अशीच बसतात. तोवर त्यांना खायला घालण्याची घाई करू नये, नाहीतर पाणी नासते.